हात दिसला होता

ऑफिसातला माझा सहकारी सौंसरच्या रस्त्यावर अपघातात गेला. त्याच्या तेरवीला आम्ही काही जण मांडवाच्या कडेला सतरंजीवर बसलो होतो. सगळेच रोज मोटरसायकलवर फिरणारे. मी कृषी खात्यातला, संत्र्याचे बगीचे आणि कपाशीची वावरं बघत दिवसभर हिंडणारा. शेजारी बियाण्यांचा एक दुकानदार, दोन शिक्षक, औषधं विकत गावोगाव जाणारा एक जण. बोलणं फिरून एकाच जागी येत होतं. तो दारू पीत नव्हता. हेल्मेट घालत होता. वीसेक वर्षं त्याच रस्त्यानं ये-जा करत होता. समोरून ट्रॅक्टर आडवा वळला तेव्हा थांबायला जागा होती, असं बघणारे सांगत होते. तरी तो थांबला नाही. यापुढचं कोणालाच सांगता येत नव्हतं.

बियाण्यांच्या दुकानदारानं मग हळू आवाजात सांगितलं की नागपूरला एक जण आहेत, पोलिसांत मोटरसायकल शिकवायचे, आता रिटायर झाले. ते नवख्यांना घेत नाहीत. ज्यांना वर्षानुवर्षं गाडी येते त्यांनाच शिकवतात. एरवी आमच्यातलं कोणीतरी हसलं असतं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. समोर त्याचा फोटो होता, फोटोला हार होता, आणि आत त्याची बायको भिंतीला टेकून बसलेली दिसत होती.

महिन्याभरात त्यांच्याकडं शिकायचं ठरलं. पांढुर्ण्याबाहेरच्या कापसाच्या एका जिनिंगचा मालक दुकानदाराच्या ओळखीचा. होळी झाली की कापसाची आवक ओसरते आणि जिनिंगचं आवार रिकामं पडतं. मोठं सिमेंटचं अंगण, चारी बाजूंनी भिंत, आत-बाहेर करायला एकच फाटक. शिकवणारे सर येऊन जागा बघून गेले आणि हो म्हणाले.

हे सगळं मी घरी जेवताना सांगितलं. बाबा ऐकत होते. ताटावरून उठता उठता म्हणाले, "माहं बी नाव सांगून दे."

माझे बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. सौंसर तालुक्यातल्या ज्या खेड्यात त्यांची पहिली नेमणूक झाली, तिथं मोटरसायकल आणणारे ते पहिले. त्या गाडीवर त्यांनी परीक्षेचे पेपर नेले, तापानं फणफणलेली पोरं सौंसरच्या दवाखान्यात पोचवली, आईला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी सोडलं. गाड्या बदलत गेल्या, सवय बदलली नाही. रिटायर झाल्यावर मोहगावच्या बाजूला आमचा संत्र्याचा लहानसा बगीचा आहे तिथं ते रोज जायचे. सकाळी चहा झाला की गाडी बाहेर, उन्हं चढायच्या आत बगीच्यात. सत्तरी ओलांडली तरी यात खंड नव्हता. मला गाडी त्यांनीच शिकवली, कॅरियरला हात लावून मागं पळत.

आईला मात्र गेल्या दीड-दोन वर्षांपासून काळजी लागली होती. गाडी फाटकाला घासायला लागली होती. घरी आल्यावर ते लगेच उतरायचे नाहीत, इंजिन बंद करून हँडल धरून तसेच बसून राहायचे. रस्ता ओलांडताना उजवीकडे बघितल्यासारखं करायचे, मान पुरती वळायचीच नाही. आई मला म्हणायची, तू सांग. मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. ज्यांनी आपल्याला क्लच सोडायला शिकवला त्यांना काय सांगायचं आणि कुठल्या तोंडानं, हे मला सुचत नव्हतं. ते स्वतःहून यायचं म्हणाले तेव्हा आई माझ्याकडे बघत राहिली.

त्या रविवारी सकाळी आम्ही दोघं आपापल्या गाड्यांवर जिनिंगला गेलो. आवारात अजून थोडी सरकी सांडलेली होती, तारेच्या कुंपणाला कापसाचे पुंजके अडकले होते. सरांनी आधी आम्हालाच झाडू मारायला लावलं. म्हणाले, रस्त्यावर कोणी झाडून देणार नाही, पण शिकताना पडायला नको.

सर बुटके, रुंद खांद्यांचे. आवाज मोठा करत नसत. त्यांनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि विचारलं की रस्त्यावर तुम्हाला भीती कशाची वाटते. कोणी ट्रक म्हणालं, कोणी कुत्री, कोणी पावसात डांबरावर पसरलेला चिखल. बाबांची पाळी आली. ते म्हणाले, आता कशाचीच नाही वाटत. सरांनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि पुढच्याला विचारलं.

मग कोणीतरी आमच्या सहकाऱ्याचा विषय काढला. तो का थांबला नसेल, त्याचं काय चुकलं असेल. सर म्हणाले, मी तिथं नव्हतो, गेलेल्या माणसाची चूक मी काढत नाही. एवढं बोलून त्यांनी रंगाचे रिकामे डबे मांडायला घेतले.

सकाळचा वेळ संथ चालवण्याचा होता. डब्यांच्या दोन ओळींमधून, पाय न टेकवता, जमेल तितकं हळू जायचं. आम्ही रोज पन्नास-साठ किलोमीटर गाडी मारणारे लोक, दहा पावलांत डगमगायला लागलो. मी दोनदा पाय टेकवला. औषधवाल्यानं तीन डबे पाडले. बाबा आले तेव्हा मात्र सगळे बघतच राहिले. क्लच अर्ध्यावर, मागचा ब्रेक किंचित दाबलेला, नजर समोर. गाडी चालत नव्हती, सरकत होती. खेड्यातल्या चिखलात, बैलगाडीच्या चाकोरीत चाळीस वर्षं चालवलेला हात होता तो. सर म्हणाले, "बघा, असं पाहिजे." बाबांनी गाडी स्टँडला लावली, खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो आनंद होता तो मला अजून दिसतो.

त्यानंतर ब्रेकचा सराव. इथं माझे वाभाडे निघाले. एवढ्या वर्षांत मी पुढचा ब्रेक कधी नीट दाबलाच नव्हता, नुसता मागच्या ब्रेकवर पाय आपटायचो. गाडी फरफटत जायची आणि सर थंडपणे म्हणायचे, पुन्हा. हळूच धरा, मग दाबत न्या, लिंबू पिळल्यासारखं. दुपारपर्यंत माझी बोटं आखडली, पण गाडी सरळ रेषेत आणि पहिल्यापेक्षा बऱ्याच आधी थांबायला लागली. थांबली की तेरवीच्या दिवशी ऐकलेलं ते वाक्य आठवायचं, थांबायला जागा होती.

दुपारी ऊन फार, म्हणून सुट्टी होती. चार वाजल्यानंतर शेवटचा सराव सुरू झाला. आवाराच्या टोकाला सर उभे राहायचे. आपण ठरलेल्या वेगानं त्यांच्याकडे यायचं. एका खुणेच्या रेषेशी पोचलो की ते एकदम हात वर करायचे. डावा हात केला तर गाडी त्या बाजूनं काढायची, उजवा केला तर दुसऱ्या बाजूनं, दोन्ही हात वर गेले तर जागच्या जागी थांबायचं. कोणता हात येणार हे आधी कळत नसे. दोन-तीन फेऱ्यांत आम्हा सगळ्यांना जमलं. चुकायचं, पण काहीतरी व्हायचं. हात बघताच गाडी कुठंतरी वळायची.

बाबा आले. सरांचा डावा हात वर गेला. बाबा सरळ आले आणि फार पुढं गेल्यावर वळले. ऊन डोळ्यावर येऊन राहिलं, असं ते म्हणाले. ते खरंही होतं. सरांनी जागा बदलली, सूर्य पाठीमागं राहील अशी. बाबा पुन्हा आले. पुन्हा तसंच. सर म्हणाले, वेग कमी करा गुरुजी. तिसऱ्या वेळी गाडी सायकलपेक्षा थोडी जास्त वेगानं येत होती. सरांनी हात वर केला. बाबा त्यांच्या हाताकडेच बघत होते, मी बाजूला उभा राहून स्पष्ट बघितलं. डोळे उघडे, नजर नेमकी हातावर. आणि गाडी सरळ येत राहिली. सर शांतपणे एक पाऊल बाजूला झाले. गाडी त्यांच्या शेजारून गेली, मग बाबांनी हँडल वळवलं, आणि तोल जाऊन ती आडवी झाली.

लागलं काही नाही. कोपर थोडं खरचटलं. मी धावलो, गाडी उचलली. बाबा उठून उभे राहिले आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

"मले हात दिसला होता," ते म्हणाले. मला नव्हे, कोणालाच नव्हे. "दिसला होता ना."

सरांनी बाकीच्यांना चहाला पाठवलं. वजनकाट्याच्या खोलीजवळ कडुलिंबाची सावली होती, तिथं बाबांना बसवलं, समोर स्वतः बसले. मी पाणी घेऊन गेलो आणि परत फिरणार, तर बाबांनीच मला थांबण्याची खूण केली. सरांनी त्यांना मान वळवून मागं बघायला सांगितलं. बाबांना मान वळवता येईना, सगळं अंगच वळत होतं. सर म्हणाले, पुरे.

बाबांनी विचारलं, "सर, हे शिकवून होते का?"

सर म्हणाले, "गुरुजी, तुमच्याशी खोटं बोलत नाही. तुमच्यासारखी हळू गाडी माझ्यानं बी नाही चालत. पण डोळ्यानं पाहिलेलं हातापर्यंत पोचायले वेळ लागून राहिला. ते नाही शिकवता येत."

"किती वेळ लागून राहिला?"

"थोडाच. पण तुमच्या घरापासून बगीच्यापर्यंत एखाद्या दिवशी तेवढाच पुरन."

बाबा पाण्याचा पेला हातात धरून बसले. प्यायले नाहीत. लांब फाटकाशी आमचे लोक चहा पीत उभे होते, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"म्हणजे सोडून देऊ," बाबा म्हणाले.

"ते तुमचं तुमी ठरवा."

"नाही," बाबा म्हणाले. "तुमी म्हणा. मी पोरायले नापास केलं तं त्यायच्या तोंडावर सांगत होतो. घरच्या घरी समजून घ्या, असं नाही म्हटलं कोणाले."

सरांनी मान खाली घातली. मग वर बघून म्हणाले, "सोडून द्या, गुरुजी."

बाबा पाणी प्यायले. खिशातून किल्ली काढली, माझ्याकडे दिली. गाडी आजची रात्र इथंच राहू दे, असं म्हणाले, आणि फाटकाकडे चालायला लागले. चहाजवळ सगळ्यांचा निरोप घेतला. बियाण्यांच्या दुकानदारानं कोपराला काय झालं विचारलं, तर म्हणाले, काही नाही, थोडं घासलं.

माझ्या मागं ते आयुष्यात पहिल्यांदा बसले. कुठं धरायचं हे त्यांना कळेना. आधी कॅरियर धरलं, मग माझा खांदा, मग पुन्हा कॅरियर. वळणावर मी गाडी झुकवली की ते उलट्या बाजूला ताठ व्हायचे आणि गाडी डुलायची. रेल्वे फाटक बंद होतं. इटारसीकडे जाणारी मालगाडी सावकाश जात होती. त्या आवाजात ते माझ्या कानाशी काहीतरी बोलले. मी मागं वळून विचारलं, काय म्हणता बाबा?

"तुह्या दोस्ताले बी दिसलं असन," ते म्हणाले. "ट्रॅक्टर दिसला असन त्याले."

फाटक उघडलं.

घरी आई अंगणात होती. एकच गाडी आत आली हे तिनं बघितलं. बाबांच्या कोपराकडे बघितलं. आत जाऊन हळद घेऊन आली.

पुढचे दिवस अवघड गेले. गाडी मी दुसऱ्या दिवशी आणून पडवीत लावली. बाबा बगीच्यात गेले नाहीत. सकाळी चहा पिऊन तयार व्हायचे, शर्ट घालायचे, आणि मग खुर्चीवर बसून राहायचे. कोणी विचारलं तर सांगायचे, गाडी दुरुस्तीले टाकली हाय. हे मी एकदा चौकात ऐकलं. सांगताना ते समोरच्याकडे बघत नव्हते, दुकानाच्या पाटीकडे बघत होते. आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारा माणूस. मी तिथून तसाच पुढं गेलो, त्यांना दिसलो नाही.

एकदा दुपारी मी जेवायला घरी आलो तर ते गाडी धूत होते. चाकांच्या तारा एक एक करून पुसत होते. आई दारात उभी होती, तिचा चेहरा उतरलेला. तिला वाटलं, हे आता निघणार. त्यांनी गाडी पुसून झाल्यावर चादरीनं झाकली, चादरीची टोकं नीट बांधली आणि हात धुवून जेवायला बसले. त्यानंतर एसटीनं जातो म्हणाले. आमच्याकडं, सीमेच्या या बाजूला, सरकारी एसटी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, आता खाजगी बसगाड्या चालतात, पण त्यांच्या तोंडी अजून एसटीच. बस फाट्यावर सोडायची, तिथून बगीच्यापर्यंत चालत जावं लागे. पहिल्या दिवशी परत आले तेव्हा पाय सुजले होते. तरी दुसऱ्या दिवशी गेले.

काही आठवड्यांनी सरांनी पुन्हा बोलावलं. या वेळचा सराव डबलसीटचा होता. आपण ज्याला रोज मागं बसवतो त्याला घेऊन या, असा निरोप होता. माझ्या बायकोला शाळेत तपासणी असल्यानं यायला जमेना. मी एकटाच जाणार होतो. निघताना बघतो तर बाबा हेल्मेट हातात घेऊन अंगणात उभे.

"मी येतो," ते म्हणाले. "कोणाले तरी बसाच लागन ना."

जिनिंगच्या फाटकाशी ते क्षणभर थांबले. मग आत आले आणि सरांना नमस्कार केला. सरांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. मागच्या वेळचं कोणी काही काढलं नाही.

सर त्या दिवशी चालवणाऱ्यांपेक्षा मागं बसणाऱ्यांशीच जास्त बोलले. मागं बसलेला माणूस म्हणजे सामान नव्हे, असं त्यांचं म्हणणं. त्यानं गुडघ्यांनी धरावं. वळण ज्या बाजूला असेल त्या बाजूच्या खांद्यावरून पुढं बघावं, म्हणजे अंग आपोआप गाडीबरोबर जातं. ब्रेक लागला की हात चालवणाऱ्याच्या पाठीवर न टाकता टाकीवर टेकवावेत. बाबा विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. एक-दोन गोष्टी त्यांनी परत विचारून घेतल्या.

पहिल्यांदा मी जोरात ब्रेक दाबला तेव्हा बाबांची छाती माझ्या पाठीवर आदळली आणि हेल्मेट हेल्मेटवर वाजलं. मी घाबरून विचारलं, लागलं का? ते म्हणाले, पुन्हा. सरांच्याच आवाजात. पुन्हा केलं. चौथ्या-पाचव्या वेळेस त्यांचे हात माझ्या दोन्ही बाजूंनी पुढं आले, टाकीवर टेकले, आणि माझ्या पाठीवर काहीच वजन आलं नाही. गाडी थांबली. दोघंही तसेच बसून राहिलो. त्यांचे ते हात, त्यांवरचे पांढरे केस, फुगलेल्या शिरा, माझ्या मांड्यांच्या दोन्ही बाजूंना टाकीवर ठेवलेले, मी खाली मान घालून बघत होतो. लहानपणी मी टाकीवर बसायचो तेव्हा ते असेच दिसायचे. मग मी गाडी पुन्हा सुरू केली.

दुकानदाराबरोबरही मागं बसायला कोणी आलं नव्हतं. बाबा त्याच्या मागं बसले. मग औषधवाल्याच्या. सर म्हणाले, थकले असाल गुरुजी, बसा थोडं. ते बसले नाहीत.

त्यानंतर दर रविवारी मी त्यांना बगीच्यात न्यायला लागलो. इतर दिवशी बस. एखाद्या शनिवारी दोघं जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जायचो. गाडीवर असताना बाबा बोलायचे. घरात ते कधी फारसं बोलले नाहीत, आणि चाळीस वर्षं गाडीवर एकटे असायचे, तेव्हा कोणाशी बोलणार. आता मागून, माझ्या उजव्या कानाशी, वाऱ्यात निम्मं हरवत, ते सांगत राहायचे. इथं पूर्वी नाला होता, पुरात गाडी खांद्यावर घेऊन गावातल्या दोघांनी तो ओलांडला. त्या वस्तीतली एक पोर फार हुशार होती, तिच्या बापाची समजूत घालायला मी तीन वेळा आलो होतो, त्यानं शाळा सोडवलीच. मी कधी न ऐकलेलं किती होतं. मी वेग आणखी कमी करायचो, ऐकू यावं म्हणून.

त्यांची गाडी अखेर बगीचा सांभाळणाऱ्या माणसाला दिली. देताना बाबांनी त्याला आधी पुढचा ब्रेक कसा दाबायचा ते दाखवलं. दुपारभर बांधावर त्याच्याकडून करून घेतलं. त्याला गाडी आधीच येत होती. तो मान हलवत ऐकत राहिला.

गेल्या हिवाळ्यापासून त्यांचे गुडघे फार दुखतात. मागच्या सीटवर पाय टाकता येत नाही. बगीच्याचं मीच बघतो. ते पडवीत बसलेले असतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून रस्त्यांची खबर काढतात. कुठं पुलासाठी रस्ता खोदला, कुठं गिट्टी टाकून ठेवली, कोणत्या वळणावर संत्र्याच्या गाड्या उभ्या राहतात. सकाळी मी हेल्मेट घालायला लागलो की विचारतात, कोणत्या रस्त्यानं जाऊन राहिला? मी सांगतो. मग ते मला त्या रस्त्यावर कुठं हळू व्हायचं ते सांगतात. मी उभा राहून सगळं ऐकून घेतो आणि निघतो.